भाजीपाल्याचा रतीब : सभासद कसे टिकवावेत ?

वसई तालुक्याचा समुद्राकडील पट्टा पिढ्यान्‌पिढ्या वाड्यांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. आगाशी, बोळींज, नंदाखाल, निर्मळ, वाघोली, गास, भुईगाव इत्यादी गावांतील वाड्यांत केळी, नारळ, पानवेल, फुलझाडे आणि नाना प्रकारचा भाजीपाला विहिरींच्या व बावखलांच्या पाण्यावर पिकत आला आहे. १८६७ साली विरारहून मुंबईस आगगाडी सुरू झाली आणि हा माल शहरात पोहोचविणे सुलभ झाले. आजही वसईची भाजी व फुले लोकलगाडीने मुंबईस जातात.

तथापि मधल्या काळात परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. पूर्वी गिऱ्हाईक मुंबईत होते; आता ते वाडीच्या कुंपणापाशी येऊन राहिले आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. या वस्तीमुळे जमिनीला मागणी वाढली, पाण्याचा उपसा वाढला आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होण्याचा धोकाही वाढला. येथील जमीन व पाणी वाचावे म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने मोठे आंदोलन केले, हे सर्वश्रुत आहे. परंतु वाडीचे उत्पन्न बेभरवशाचे असेल, तर केवळ आंदोलनाने वाडी टिकत नाही. ज्या कुटुंबास वाडीतून दरमहा ठरावीक रक्कम मिळते, ते कुटुंब जमीन विकण्याचा विचार सहसा लवकर करीत नाही. ही ठरावीक रक्कम मिळवून देणारी एक पद्धत म्हणजे वाट्याचा रतीब होय.

वाट्याचा रतीब म्हणजे काय ?

रतीब हा शब्द वसईकरांस नवा नाही. येथील दूधवाल्यांनी मुंबईच्या पश्चिम उपनगरांत घरोघर दुधाचा रतीब घातला आणि एकेक घर वर्षानुवर्षे सांभाळले. भाजीचा रतीब याच जातीचा आहे. मात्र त्यात दोन महत्त्वाचे भेद आहेत. दुधाचे पैसे महिना संपल्यावर मिळतात, तर येथे सभासद हंगामाच्या आरंभी आपल्या वाट्याची रक्कम, निदान तिचा पहिला हप्ता, आगाऊ भरतो. दुसरे असे की, दूध रोज सारखेच असते. भाजी मात्र दर आठवड्यास बदलते. हंगाम चांगला गेला तर सभासदाच्या वाट्यास अधिक माल येतो, पीक बिघडले तर कमी येतो. म्हणजेच सभासद केवळ भाजी विकत घेत नाही. पिकातील लाभहानीचा एक अंश तो स्वतःकडे घेतो.

जगात ही पद्धत अनेक ठिकाणी चालते. जपानमध्ये १९७० च्या दशकात शेतकरी व शहरातील कुटुंबे यांच्यात ‘तेइकेई’ नावाची भागीदारी रूढ झाली. १९७८ साली तेथील सेंद्रिय शेती संघटनेने तिची दहा तत्त्वे सांगितली. शेतकरी व ग्राहक यांनी मिळून पिकांची योजना करावी, ठरल्याप्रमाणे पिकलेला सर्व माल ग्राहकांनी स्वीकारावा आणि गटातील सभासदसंख्या झेपेल एवढीच ठेवावी, ही त्यांपैकी काही होत. अमेरिकेत अशा पहिल्या दोन शेतांचा आरंभ १९८६ साली झाला. मुंबईतही २०१० च्या सुमारास सेंद्रिय शेतकरी व ग्राहक यांच्या एका संघटनेने ‘हरी भरी टोकरी’ या नावाने असा उपक्रम चालविला. महाराष्ट्रात जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त करण्यात आल्यामुळे थेट विक्रीचा मार्ग अधिक मोकळा झाला.

नवे सभासद मिळविण्यापेक्षा जुने टिकविणे महत्त्वाचे

या पद्धतीतील खरी अडचण सभासद मिळविण्याची नसून ते टिकविण्याची आहे. पहिल्या वर्षी ओळखीपाळखीने तीसचाळीस कुटुंबे सहज मिळतात. दुसऱ्या वर्षी त्यांतील बरीच येत नाहीत. शेतकरी नवी कुटुंबे शोधतो, संख्या पूर्ववत होते आणि काही बिघडले आहे असे वाटत नाही. परंतु नव्या सभासदास सर्व गोष्टी पहिल्यापासून समजावून द्याव्या लागतात. त्याच्या घरची आवडनिवड ठाऊक नसते. एखादा आठवडा वाईट गेला तर सांभाळून घेण्याइतका विश्वासही त्याच्यापाशी नसतो.

हिशेब करून पाहिल्यास हा फरक स्पष्ट होईल. समजा, एका वाडीचे ४० सभासद आहेत आणि दरवर्षी दहांपैकी सात परत येतात. पहिल्या ४० कुटुंबांपैकी पुढील वर्षी २८, त्यापुढे २० आणि तिसऱ्या वर्षाअखेर केवळ १४ उरतील. तेच दहांपैकी नऊ परत आले तर अनुक्रमे ३६, ३२ व २९ कुटुंबे राहतील. पहिल्या वाडीस तीन वर्षांत बहुतेक सर्व गिऱ्हाईक नव्याने जमवावे लागते. दुसरीस तसे करावे लागत नाही. म्हणून वर्षाच्या शेवटी ‘सभासद किती’ एवढेच न पाहता ‘गेल्या वर्षीचे परत आले किती’ हे पाहावे.

सभासद का सोडून जातात ?

पीक बुडाले म्हणून सभासद गेला, असे शेतकऱ्यास वाटते. पुष्कळदा कारण निराळेच असते. सर्वसाधारणपणे चार कारणे आढळून येतात.

पहिले कारण, न सांगता झालेली तूट. करंडी हलकी आली यापेक्षा ती का हलकी आली हे कोणी सांगितले नाही, याचा सभासदास अधिक राग येतो. दुसरे कारण, घरात भाजी वाया जाणे. चार माणसांच्या घरी एकाच आठवड्यात तीन जुड्या मुळा, दोन दुधी आणि ओळखीची नसलेली एखादी पालेभाजी आली तर निम्मी टाकून द्यावी लागते. पैसे देऊन आणलेले अन्न टाकताना घरातील माणसांस अपराधी वाटते आणि पुढच्या हंगामास ती नकार देतात. तिसरे कारण, वेळेची गैरसोय. जपानमधील तेइकेई गटांचा भार मुख्यतः गृहिणींनी उचलला होता. त्या मोठ्या संख्येने नोकरीस लागल्यावर भाजी उतरवून घेणे, वाटणे व निवडणे या कामांस माणसे मिळेनाशी झाली आणि अनेक गट रोडावले. वसई-विरारमधील कित्येक घरांतील माणसे सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परततात, तेव्हा ही गोष्ट येथेही लागू आहे. चौथे कारण, हिशेबातील संशय. गावी गेल्याच्या आठवड्याचे पैसे कापले की नाही, उरलेला माल कोठे गेला, अशा लहान शंका मनात साचत जातात.

या चारही कारणांच्या मुळाशी एकच दोष दिसतो. सभासदाने जोखीम पत्करलेली असते, परंतु त्या जोखमीची माहिती त्यास वेळेवर दिली जात नाही. यास्तव सभासद टिकविण्याचे सर्व उपाय आगाऊ सांगणे, मोजून देणे व लिहून ठेवणे या तीन गोष्टींत येतात.

पैसे घेण्यापूर्वी हंगाम समजावून द्यावा

वाटा विकण्यापूर्वी वाडीचे महिनेवार वेळापत्रक प्रत्येक कुटुंबास लेखी द्यावे. वसईत हंगामाची ठेवण साधारणपणे अशी असते. हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, वांगी, टोमॅटो, मुळा, पालक, माठ, मेथी, कोथिंबीर, नवलकोल, वालाच्या शेंगा अशी भाजी मुबलक असते. उन्हाळ्यात पाण्याच्या मानाने गवार, चवळी, काकडी व लाल माठ मिळतो. पावसाळ्यात मांडवावरील शिराळी, घोसाळी, पडवळ, कारली व काकडी, तसेच भेंडी व अळू येतो.

याचबरोबर तुटीचे दिवसही स्पष्ट सांगावेत. जून-जुलैमध्ये वेल नुकतेच मांडवावर चढत असतात आणि मुसळधार पावसात पालेभाजी कुजते. ऑक्टोबरच्या उन्हात पावसाळी वेल संपत आलेले असतात व हिवाळी भाजी तयार नसते. या दोन वेळी करंडी हलकी राहील, हे सभासदास आधीच ठाऊक असले तर तो ती तूट समजून घेतो. न सांगता तीच तूट आली तर त्यास फसवणूक वाटते. ज्या कुटुंबास ही गोष्ट मान्य नसेल, त्याने आरंभीच नकार दिलेला उत्तम.

तुटीच्या दिवसांकरिता वाडीतच तजवीज करता येते. केळी, केळफूल, नारळ, पपई, सुरण व अळकुड्या ही त्या दिवसांत आधार देणारी पिके होत. राजेळी केळ्यांपासून केलेली वसईची सुकेळी किंवा वाळवलेले वाल थोडे राखून ठेवल्यास हलकी करंडी रिकामी वाटत नाही. पावसाळ्याच्या आरंभी तुंगारेश्वरच्या बाजूने आदिवासी भगिनी शेवळे, टाकळा, कंटोळी अशा रानभाज्या बाजारात आणतात. त्या योग्य मोल देऊन त्यांच्याकडून घ्याव्यात व करंडीत घालताना ‘ही वाडीची भाजी नव्हे, विकत घेतलेली आहे’ असे सांगावे. शेवळ्यासारखी भाजी नीट न शिजविल्यास घसा खाजतो. म्हणून ती निवडण्याची व काकडासारखे आंबट फळ घालून शिजविण्याची रीत सोबत लिहून द्यावी.

करंडी मोजून भरावी

सभासदसंख्या वाडीच्या शक्तीवरून ठरवावी. समजा, ४० कुटुंबांस आठवड्यास प्रत्येकी ५ किलो भाजी २४ आठवडे द्यावयाची आहे. एकूण गरज ४,८०० किलो होते. कीड, पाऊस व निवडून टाकलेला माल यांकरिता पाचवा हिस्सा अधिक धरला तर ५,७६० किलो भाजीची योजना करावी लागेल. एका गुंठ्यातून हंगामात १०० किलो भाजी मिळेल असे धरल्यास सुमारे ५८ गुंठे क्षेत्र हवे. वसईत एकट्या कुटुंबापाशी एवढे ओलिताचे क्षेत्र नसल्यास प्रत्येकी १५ गुंठ्यांचे चार शेतकरी मिळून हे काम करू शकतात. एकाचा मांडव पडला तरी इतर तिघे करंडी सांभाळून नेतात, हा या पद्धतीचा आणखी एक लाभ होय. प्रत्येकाने आपल्या वाडीतील प्रत्यक्ष उत्पन्नाचा आकडा घालून हा हिशेब स्वतः करावा.

करंडीचे दोन आकार ठेवावेत. एक लहान कुटुंबाकरिता व एक मोठ्या कुटुंबाकरिता. करंडीत दोन पालेभाज्या, तीन फळभाज्या अथवा शेंगा, एक कंद किंवा फळ आणि मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता यांपैकी काही असा मेळ असावा. एकच भाजी लागोपाठ तीन आठवडे मोठ्या प्रमाणात देऊ नये. जास्तीचा माल बाजारात पाठवावा. वाटपाच्या जागी एक अदलाबदलीची पाटी ठेवावी. ज्यास कारले नको त्याने ते पाटीत टाकावे व त्याबदली दुसरी भाजी घ्यावी. या साध्या उपायाने घरात वाया जाणारी भाजी पुष्कळ कमी होते आणि कोणती भाजी लोकांस नको आहे, हेही शेतकऱ्यास पाटीवरून कळते.

सणवारांचेही भान ठेवावे. श्रावणात ज्या घरी मासे बंद असतात तेथे भाजी अधिक लागते. चातुर्मासात काही घरी कांदा, लसूण व वांगी वर्ज्य असतात. ऋषिपंचमीच्या भाजीस अळू, शिराळी, भेंडी, सुरण, लाल माठ असा मेळ लागतो. तो त्या आठवड्याच्या करंडीत बसविल्यास सभासद आनंदाने आठवण ठेवतो. नाताळाच्या व लग्नसराईच्या दिवसांत मागणी कशी बदलते, हे आपापल्या गावावरून ठरवावे.

माल ताजा पोहोचला पाहिजे हे सांगणे नकोच. भाजी पहाटे काढावी, सावलीत निवडावी, पालेभाजीच्या जुड्या ओल्या गोणपाटात ठेवाव्यात, भेंडी मात्र कोरडी ठेवावी. करंडीच्या तळाशी केळीचे पान अंथरल्यास भाजी कमी दबते. वाटपाचा दिवस व वेळ एकदा ठरल्यावर बदलू नये. नोकरदार सभासदांकरिता संध्याकाळची वेळ किंवा त्यांच्या गृहसंकुलातील एक विश्वासू घर ठरवावे.

खाडे व हप्ते

दुधाच्या रतिबात खाडा मांडण्याची जुनी व चांगली रीत आहे. भाजीच्या रतिबातही ती ठेवावी. मे महिन्यात कित्येक कुटुंबे गावी जातात. त्यांनी चार दिवस आधी कळविल्यास २४ आठवड्यांत तीन खाडे माफ धरावेत व त्याबदली पुढील आठवड्यांत भाजी द्यावी. मात्र पीक कोणाकरिता थांबत नाही, यास्तव ऐनवेळी कळविलेला खाडा माफ होणार नाही, हेही आरंभी सांगावे. खाड्याची करंडी परस्पर विकू नये. ती कोणास दिली याची नोंद करावी.

संपूर्ण हंगामाची रक्कम एकदम भरणे सर्वांस शक्य नसते. तीन हप्ते ठेवल्यास अधिक कुटुंबे टिकतात. बियाणे, खत व मांडवाचा खर्च पहिल्या हप्त्यातून भागेल अशी त्याची रक्कम असावी. नव्या कुटुंबास आरंभी चार आठवड्यांचा चाचणी वाटा द्यावा. चार आठवड्यांनंतर नको म्हणणारे कुटुंब हंगामाच्या मध्यावर रागाने जाणाऱ्या कुटुंबापेक्षा बरे.

तूट आल्यास काय करावे ?

अतिवृष्टी, वादळ अथवा विहिरीचे पाणी मचूळ होणे यांमुळे एखादे वेळी मोठी तूट येणारच. अशा वेळी वाटपाच्या किमान दोन दिवस आधी निरोप पाठवावा. निरोपात तीन गोष्टी असाव्यात : काय झाले, किती आठवडे तूट राहील आणि शेतकरी त्यावर काय करीत आहे. तूट झाकण्याकरिता बाजारातून भाजी आणून ती वाडीची म्हणून देणे हा सर्वांत मोठा अपराध समजावा. चव व ताजेपणा ओळखणाऱ्या घरास ते पुष्कळदा कळते आणि मग चांगल्या आठवड्यांवरील विश्वासही उडतो. ‘सेंद्रिय’ या शब्दाचेही तसेच आहे. ज्या पिकावर औषध मारावे लागले, त्याविषयी कोणते औषध केव्हा मारले ते सांगावे आणि औषधाच्या वेष्टनावर दिलेला काढणीपूर्व कालावधी पुरा होईपर्यंत ते पीक काढू नये.

हंगामातून दोनदा सभासदांना वाडीवर बोलवावे. पाण्यात उभा राहिलेला मांडव ज्याने पाहिला, त्यास हलक्या करंडीचे कारण लांबलचक सांगावे लागत नाही. बावखल, विहीर, रोपवाटिका व खताचा खड्डा दाखवावा, मुलांस रोपे लावू द्यावीत. मात्र हे निमंत्रण असावे, सक्ती नसावी. ज्या कुटुंबास केवळ भाजी हवी आहे त्यासही मान द्यावा.

नोंदवही व कार्यकर्त्यांचे काम

प्रत्येक वाडीवर एक साधी वही असावी. तीत सभासदाचे नाव, घरातील माणसे, हप्ते, खाडे, तक्रार व तिचे निवारण असे रकाने आखावेत. दर आठवड्यास एकूण किती भाजी निघाली, किती वाटली, किती बाजारात गेली, याची एक ओळ लिहावी आणि ती सर्व सभासदांस दिसेल अशी वाटपाच्या जागी लावावी. त्यामुळे हिशेबाविषयीच्या शंका साचून राहत नाहीत.

जे कुटुंब पुढील हंगामास येत नाही, त्याच्या घरी जाऊन कारण विचारावे. हे काम शेतकऱ्यास संकोचाचे वाटते व सभासदही भिडेपोटी खरे बोलत नाही. येथे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी साहाय्य करणे इष्ट आहे. त्रयस्थ माणसापाशी लोक मोकळेपणाने बोलतात. दहा घरी विचारून आलेली कारणे वहीत लिहिली म्हणजे पुढील हंगामात काय बदलावे, हे आपोआप स्पष्ट होते. कार्यकर्त्यांनी लहान शेतकऱ्यांचे गट जमविणे, पेरणीचे टप्पे ठरवून देणे आणि कोसबाड येथील कृषि विज्ञान केंद्राशी अथवा दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाशी संपर्क साधून देणे हेही करावे. विद्यापीठाने प्रसारित केलेली ‘कोकण तारा’ ही कारल्याची जात किंवा अशाच अन्य जाती कोणत्या वाडीस मानवतील, याचा सल्ला तेथून मिळू शकतो.

ज्यांना हा उपक्रम नव्याने करावयाचा आहे, त्यांनी आरंभी पंधरा-वीस कुटुंबेच घ्यावीत आणि उरलेला माल पूर्वीप्रमाणे बाजारात पाठवावा. दुसऱ्या हंगामास त्यांतील किती परत येतात हे पाहूनच संख्या वाढवावी. वीसांपैकी अठरा परत आली तर दहा नवी घेण्यास हरकत नाही. बाराच परत आली तर नवी कुटुंबे शोधण्याआधी उरलेल्या आठ घरांच्या पायऱ्या चढाव्यात.